ला सेचा उजवा हात

माझ्याकडे कुणी हात मोडून आलं की मी आधी मूठ वळायला सांगते. दुखत असलं तरी, जमेल तेवढी. मग वळलेल्या बोटांच्या नखांकडे बघते. चारही बोटं तळहातात उतरताना एकाच दिशेला, अंगठ्याच्या मुळाखालच्या खळगीकडे झुकली पाहिजेत. एखादं बोट शेजारच्यावर चढलं किंवा त्याच्याखाली शिरलं, तर समजायचं की आतलं हाड पिळलंय. अशा माणसाला मी लेपही लावत नाही आणि कामट्याही बांधत नाही. नावेत बसवते आणि पलीकडे फा-आनच्या इस्पितळात पाठवते.

लोकांना हे आवडत नाही. म्हातारी माणसं तर तोंडावर सांगतात, "मो वे, तुझी रीत उर्मट आहे. तुझ्या बाबांनी आयुष्यात कुणाला मूठ दाखवायला सांगितलं नाही."

खरं आहे, नाही सांगितलं.

माझे बाबा म्हणजे साया बा थेन. साया म्हणजे गुरू, आणि नदीच्या या काठाला नुसतं 'साया' म्हटलं तरी लोकांच्या डोळ्यांसमोर बाबाच येतात. तरुणपणी ते स्वतः लेथ्वे, म्हणजे आमच्याकडचं मुष्टियुद्ध, लढले. पुढे अंगणात वाळू टाकून आखाडा केला, पोरांना शिकवू लागले, आणि तीच पोरं मोडून घरी आली की त्यांची हाडं बसवू लागले. लेथ्वेत हातमोजे नसतात. हाताला जाळीदार पट्टीचे चार वेढे, बस्स. त्यामुळे नाकं फुटतात, बरगड्या जातात, पण सगळ्यात जास्त मोडतात ती पंजाची हाडं, बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंतची. गुद्दा कपाळावर बसला तर कपाळाला टेंगूळ येतं आणि मारणाऱ्याचा हात मोडतो.

लेप वाटायचं काम माझं. हळद, तिळाचं तेल आणि बाबा डोंगरातून आणायचे ती मुळी. सातव्या वर्षापासून वाटतेय. पण लढणाऱ्याच्या हाताला हात लावायची मला बंदी होती. बाईचा स्पर्श झाला की मुठीतलं बळ जातं म्हणे. त्याच बाईने वाटलेला लेप चालतो, तिने शिजवलेला भात चालतो, तिने धुतलेल्या रक्ताच्या पट्ट्या चालतात. बळ जातं ते फक्त तिचं बोट लागलं की. मी हे एकदा बाबांना बोलून दाखवलं होतं. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "तोंड चालवण्यापेक्षा वरवंटा चालव."

साव ला से आमच्याकडे आला तेव्हा विशीतला होता. रबराच्या बागेत चीक काढायचं काम करायचा. त्याचा सुरीचा हात इतका हलका, की पहिल्यांदा खाच पाडायची कोवळी झाडं मालक त्यालाच द्यायचा. खाच जरा खोल गेली तर झाड कायमचं खराब होतं. काम संपवून तो आखाड्यात यायचा, सराव झाला की स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून माझी फिरकी घ्यायचा.

"ताई, तू लग्न का केलं नाहीस गं?"

"तुमच्या पट्ट्या कोण धुणार मग?"

"मी धुतो. तू कर."

"आधी स्वतःची लुंगी धू. वास येतोय."

असा होता तो. बाबांना मुलगा नव्हता आणि ला सेला बाप नव्हता, तेव्हा पुढचं सांगायला नको. बाबा त्याच्या पानात माशाचं डोकं वाढायला लावायचे.

तीन वर्षांपूर्वी, थंडी संपता संपता, पलीकडच्या गावच्या पॅगोड्याच्या जत्रेत तो जिंकला आणि हात मोडून घेऊन आला. समोरच्याने ऐन वेळी मान खाली घातली आणि ला सेचा उजवा गुद्दा त्याच्या टाळूवर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा हाताची पाठ टम्म सुजली होती, आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी जो उंचवटा असतो तो खाली बसून गेला होता.

बाबांनी त्याला मांडीसमोर बसवलं, मंत्र पुटपुटले, ते बोट धरून ओढलं आणि हाताच्या पाठीवर अंगठा दाबला. ला से हूं की चूं करत नव्हता. हाड कटकन बसल्याचा आवाज मी दारातून ऐकला. मग लेप, केळीचं पान, आणि त्याच्यावर वरून-खालून बांबूच्या सपाट कामट्या. बोटं अशी सरळ, जशी पाटीवर ठेवलीत.

तेव्हाच माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, एकदा मूठ वळवून बघा ना. बांधायच्या आधी."

ला सेने खाली मान घातली.

यातली मेख सांगते. आमच्या आखाड्यात सायांसमोर बसून मूठ वळायची नाही. सराव टांगलेल्या पिशवीवर करायचा, आपापसांत करायचा, तेव्हा बाबा पाठीमागे उभे राहून ओरडत असायचे. पण समोर बसलं की तळवे उघडे आणि बोटं जुळलेली. सायांनी घडवलेला हात सायांवरच उगारला, असा मुठीचा अर्थ होतो. कामट्या सोडायच्या दिवशीही हीच रीत. शिष्याने समोर बसायचं, हात जोडायचे, तीनदा वाकायचं. उजव्या हाताची बोटं डाव्याशी टोकाला टोक मिळाली की बाबा म्हणणार, "जुळलं," आणि मनगटाला लाल दोरा बांधणार. बाबांच्या सायांनीही हीच परीक्षा घेतली होती आणि त्यांच्या सायांनीही. आणि सरळ बोटं जुळतातच. हाड आत पिळून बसलेलं असलं तरी सरळ बोटात ते दिसत नाही.

हे मला कुठून कळलं? आई शेवटच्या दुखण्यात इस्पितळात होती तेव्हा अकरा दिवस माझा बाक प्लास्टरच्या खोलीसमोर होता. प्लास्टर घालणारा एक टक्कल पडलेला माणूस होता, तोंडाने फटकळ. हात मोडून आलेल्या प्रत्येकाला तो मूठ वळायला लावायचा, आणि प्लास्टर घालताना बोटं मुळाशी वाकवून ठेवायचा, हातात गडवा धरल्यासारखी. पाचव्या दिवशी मी न राहवून विचारलं.

"सरळ ठेवली की सगळी बोटं गुणी दिसतात, बाई," तो म्हणाला. "वाकवली की कळतं कोण कुणाच्या अंगावर जातंय ते. आणि मुळाशी सरळ ठेवून महिनाभर बांधलीत ना, तर पुढे वाकायचीच नाहीत. दोऱ्या आखडतात आतल्या."

"आमच्याकडे सरळच बांधतात."

"ठाऊक आहे. तुमच्याकडचे नंतर माझ्याकडेच येतात."

तर मी बाबांना मूठ वळवून बघा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे न बघता शेवटची गाठ मारली.

"हळद भरड वाटली गेलीय आज," ते म्हणाले. "लक्ष कुठे असतं तुझं?"

एकविसाव्या दिवशी कामट्या सुटल्या. आखाड्यातले सगळे जमले होते. ला से नवी लाल बंडी घालून आला, बाबांच्या समोर बसला आणि हात जोडले. हात पांढराफटक पडला होता, पण बोटं रेषेत. टोकाला टोक. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जुळलं." कुणीतरी फोनवर फोटो काढला. दोनच दिवस आधी यांगूनहून निरोप आला होता, की पाण्याच्या सणाआधीच्या मोठ्या लढतीत ला सेला उतरवायचंय. आमच्या काठावरून आजवर तिथे कुणी गेलं नव्हतं. बाबांनी तो निरोप चहाच्या दुकानात तीनदा मोठ्याने वाचायला लावला.

कामट्या सोडल्या त्या दुपारी ला से आमच्याकडे जेवला. तीन आठवडे तो डाव्या हाताने चमच्याने खात होता. आज उजव्या हाताने भात कालवायला घेतला आणि घास तोंडाशी नेईपर्यंत अर्धा भात बोटांमधून पानात. पुन्हा घेतला, पुन्हा सांडला. मी वाढता वाढता थांबले. घास धरताना ते करंगळीशेजारचं बोट मधल्या बोटाच्या खाली सरकत होतं आणि तिथे फट पडत होती.

"आखडलंय थोडं," बाबा म्हणाले. "सुटेल. तेल लाव."

जेवण झाल्यावर तो मागे पाण्याच्या रांजणापाशी हात धुवायला आला तेव्हा मी त्याला गाठलं.

"मूठ वळ."

"काय?"

"इथे साया नाहीत. मूठ वळ म्हणते ना."

त्याने वळली. पूर्ण वळतच नव्हती, पण वळली तेवढ्यातही दिसलं. चार बोटांपैकी तीन जाग्यावर, आणि एक मधल्याच्या पोटाखाली शिरलेलं. त्यानेही पाहिलं. आधी हसला.

"बघ ना, लाजतंय ते. शेजाऱ्याच्या मागे लपतंय."

"ला से, हसू नको. आतलं हाड पिळून चिकटलंय. अजून ते कच्चं आहे. आजच्या आज फा-आनला जा. तिथले ते सोडवून परत नीट बसवतील. आणखी दोन-तीन आठवड्यांनी कापावं लागेल."

"आणि यांगून?"

"खड्ड्यात गेलं यांगून! असल्या मुठीने मारशील तर त्या बोटाचं हाड पुन्हा जाईल आणि शेजारचं घेऊन जाईल. मग सुरी तरी धरता येईल का तुला?"

त्याने मूठ उघडली, पुन्हा वळली. हसू गेलं होतं. मनगटावरचा लाल दोरा तो दुसऱ्या हाताने फिरवत राहिला.

"ताई, सायांनी 'जुळलं' म्हटलंय," तो शेवटी म्हणाला. "सगळ्यांसमोर. आता मी दुसऱ्याकडे जाऊन ते मोडून घेतलं, तर सायांचं काय राहिलं?"

"तुझ्या हाताचं काय राहील ते बघ!"

"तू सांग ना त्यांना. त्यांनी जा म्हटलं तर आत्ता जातो. पोहत जातो."

म्हणून मी बाबांना सांगितलं. बाबा पान लावत बसले होते. मी सगळं सांगितलं, प्लास्टरवाल्याचंही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हे खरं सांगायला हवं. मग कात घातला, चुना लावला.

"म्हणजे मी त्याला सांगू, माझ्यासमोर मूठ वळ म्हणून? या खोलीत? बुद्धाच्या मूर्तीखाली?"

"बाहेर अंगणात सांगा. पाठ करून बसा हवं तर. पण एकदा बघा."

"चाळीस वर्षं मी हाडं बसवतोय. किती बसवली, मोजलीयस?"

"मोजली नाहीत. त्यातली किती जणं आज कुदळ नीट धरतात, तेही कुणी मोजलं नाही."

बोलले आणि जीभ चावली. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि त्या दिवसापासून माझ्या हातचं जेवले नाहीत. मी पान वाढायचे, ते बाजूला सरकवायचे आणि चहाच्या दुकानात जाऊन कोरडी पुरी खायचे. गावात बोभाटा झाला. बायका पाणवठ्यावर मला बघून कुजबुजायच्या, म्हाताऱ्या बापाला उपाशी ठेवते. तिसऱ्या दिवशी दुकानात त्यांना चक्कर आली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसले, हात जोडले आणि चुकले म्हणाले. त्यांनी भात मागितला. मी माशाचं डोकं वाढलं.

ला सेला मी एवढंच म्हणाले, की तेल लाव. त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवली. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही आणि मीही नाही. नावेचं भाडं माझ्या कनवटीला होतं. त्याचा दंड धरून काठापर्यंत ओढत नेलं असतं तर तो आला असता, आजही मला तसं वाटतं. पण मला घरात शांतता हवी होती. ती मला मिळाली.

सहा आठवडे तो पिशवीवर घुमला. पट्टीच्या वेढ्यांखाली सगळ्याच मुठी सारख्या दिसतात. बाबा पाठीमागून ओरडायचे, "उजवा! उजवा कुठे गेला?" आणि तो उजवा मारायचा. मारल्यावर अर्धा क्षण थांबायचा. ते फक्त मला दिसायचं, किंवा मला तसं वाटायचं.

यांगूनला बायकांनी येऊ नये असं ठरलं. मी लढत चहाच्या दुकानातल्या टीव्हीवर पाहिली. भर दुपार, दुकान माणसांनी भरलेलं, ढोल आणि सनईचा आवाज टीव्हीतूनही कानठळ्या बसवणारा. ला सेने रिंगणात येऊन दंड थोपटला तेव्हा दुकानातल्यांनी टेबलं बडवली. पहिल्या दोन फेऱ्या तो छान लढला, डाव्याने आणि कोपराने. तिसरीत बाबांचा आवाज मला ऐकू आला, शपथ घेऊन सांगते, हजार माणसांच्या गोंगाटातही. "उजवा!"

त्याने उजवा मारला. समोरच्याच्या गालफडावर बसला. समोरचा डगमगला आणि ला से गुडघ्यावर आला. त्याने हात छातीशी धरला होता, तान्हं मूल धरतात तसा.

आमच्यात एका लढतीत एकदा दोन मिनिटं मागता येतात, पडलेल्याला उभं करायला. कोपऱ्यातून बाबांनी ती मागितली. टीव्हीवाल्यांनी कॅमेरा अगदी जवळ नेला. बाबांनी पट्टी कापली नाही. पट्टीवरूनच त्यांनी बोटं चाचपली आणि एकेक धरून ओढून सरळ केली. एकेक! ला सेचं तोंड उघडं होतं, पण आवाज ढोलात बुडाला. मग बाबांनी त्यावर आणखी एक पट्टी करकचून आवळली आणि त्याच्या कपाळाला कपाळ लावलं. दुकानातले लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी टीव्हीकडे पाठ करून बाहेर आले.

तो उरलेल्या फेऱ्या उभा राहिला. डाव्या हाताने, गुडघ्याने, डोक्याने. शेवटी दोघंही उभे, म्हणजे आमच्या नियमाप्रमाणे बरोबरी. एका हाताने यांगूनवाल्याशी बरोबरी केली, म्हणून त्याची इथे मिरवणूक निघाली. नावेतून उतरला तेव्हा गळ्यात हार, आणि उजवा हात कोपरापर्यंत केळीच्या पानात. बाबांनी पुन्हा तेच केलं होतं. सपाट कामट्या, सरळ बोटं. यावेळी तीन हाडं होती, म्हणून दोन महिने ठेवायचं ठरलं.

दोन महिन्यांनी हात सुटला. तीनदा वाकून झालं, टोकाला टोक मिळालं, "जुळलं" झालं, दोरा झाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की बोटं दुसरं काही करतच नाहीत. मुळाशी वाकतच नव्हती. पुढचे सांधे थोडे हलायचे, आणि हलले की ते एक बोट आपलं शेजाऱ्याखाली. तेल झालं, वाफारे झाले, गरम वाळू झाली. बाबा म्हणाले, धीर धर. ला सेने आठ महिने धीर धरला.

मग मी त्याला नेलं. यावेळी कुणाला विचारलं नाही. ज्याची गरज तेव्हा होती ते मी वर्षभराने केलं. इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती. तिने एक्स-रे उजेडासमोर धरला, हात उलटसुलट केला, मूठ वळायला सांगितली. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, पहिल्यांदा मोडला तेव्हा कुठे होता तुम्ही?"

समोरच होते, वरवंटा हातात घेऊन.

शस्त्रक्रिया करता येईल, पण सांधे गोठलेत, दोऱ्या चिकटल्यात, फारशी आशा धरू नका, असं ती म्हणाली. ला सेने तिचे आभार मानले. नावेत तो मला म्हणाला, "सायांना यातलं काही सांगू नको हं, ताई. म्हाताऱ्या माणसाला झेपायचं नाही." मला त्याच्या एक मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली. त्याऐवजी मी तोंडावर हात दाबून रडले आणि त्याने मला डाव्या हाताने थोपटलं.

रबराची सुरी त्याला पुन्हा धरता आली नाही. डाव्या हाताने करून पाहिलं, सहा झाडं खराब केली, मालकाने हात जोडले. आता तो विहाराच्या आवारात झाडलोट करतो. झाडू काखेत धरून मारतो.

त्यानंतरच मी हाडं बघायला लागले. मागच्या दाराने येतात माझ्याकडे, शेतावरच्या बायका, गवंडी, दगडाच्या खाणीतले. लढणारे येत नाहीत. ते अजून पुढच्या दाराने बाबांकडेच जातात, आणि सरळ बोटं घेऊन परत जातात.

यंदाच्या दिव्यांच्या सणाला, रिवाजाप्रमाणे, सगळे शिष्य बाबांना नमस्कार करायला आले. सकाळची उन्हं अंगणात होती. वाळूवर चटया टाकल्या होत्या. बाबा आता चौऱ्याहत्तरचे आहेत, खुर्चीत बसतात. तीसेक जण होते, शेंडेफळापासून ते उ टिन मॉंगसारख्या साठीच्या शिष्यापर्यंत. बाबांनी ला सेला पुढे बोलावलं. दर वर्षी बोलावतात.

"हात जोड," ते म्हणाले.

ला सेने जोडले.

"बघा रे," बाबा नव्या पोरांना म्हणाले. "दोनदा मोडलेला हात आहे हा. दुसऱ्यांदा तीन हाडं. बघा बोटं. फूटपट्टी लावा."

पोरं वाकून बघू लागली. एकाने जीभ चिकचिकवली, कौतुकाने. माझ्या हातात चहाची किटली होती. ती मी खाली ठेवली.

"ला से," मी म्हणाले, "मूठ वळून दाखव."

उ टिन मॉंगने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बुद्धाच्या मूर्तीवर थुंकले होते. मी बाबांकडे बघत होते. त्यांनी ला सेच्या हाताकडे पाहिलंच नाही. त्या हाताकडे नजर जाऊ नये म्हणून धडपडणारा माणूस कसा दिसतो, ते मी त्या क्षणी पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. आत्ता नाही, कधीचंच. यांगूनला पट्टीवरून बोटं चाचपली तेव्हापासून, किंवा त्याआधीच्या भात सांडलेल्या दुपारपासून.

"वळ ना," मी म्हणाले. "सगळ्यांना बघू दे."

ला सेने जोडलेले हात तसेच ठेवले. मग तो हसला, तेच जुनं पायरीवरचं हसू.

"सायांना नमस्कार करायला मूठ कशाला लागते, ताई?"

लोक हसले. सुटकेचं हसणं. कुणीतरी 'वा' म्हटलं. ला से वाकला, कपाळ वाळूला टेकवलं, तीनदा, आणि बाबांनी हात त्याच्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. लोकांना वाटलं, प्रेमाने.

मी किटली उचलली. दुसरं काय करणार होते? चहा वाटत वाटत ला सेपाशी आले. त्याने डाव्या हाताने कप धरला आणि उजवा तळवा, सरळच्या सरळ, खालून टेकवला, कारण तो हात दुसऱ्या कशाच्या कामाचा नाही. त्याच्या शेजारच्या पोराने मात्र एका हाताने फटकन कप घेतला.

उ टिन मॉंगने त्या पोराच्या डोक्यात टपली मारली.

"मोठ्यांच्या हातून घेताना दोन्ही हात लावावेत, इतकंही कळत नाही?" तो म्हणाला. "त्या ला सेकडे बघ. याला म्हणतात संस्कार."

पोराने गडबडीने दुसरा हात लावला. ला सेने मान खाली घातली आणि चहा प्यायला.